खड्ड्यातून घेतलेलं माप

ठरावावर सही माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कोणी सांगितलं की मला राग येतो, आणि मला राग आला की घरातली भांडी आपली जागा सोडतात, असं पोरीचे पप्पा म्हणतात.

मी आमच्या ग्रामपंचायतीची मेंबर. जागा बायकांसाठी राखीव निघाली, म्हणून पोरीच्या पप्पांऐवजी मी उभी राहिले. निवडून आल्यावर पहिल्या मिटिंगला तेच जाऊन खुर्चीवर बसले होते. मी मागून गेले आणि दारातूनच म्हटलं, "उठा, ती मन्ही खुर्ची शे." ते उठले. चहा मात्र संपवून उठले. तेव्हापासून खुर्चीवर मीच बसते आणि सहीही मीच करते, त्यामुळे त्या सहीचा दोष नवऱ्यावर ढकलायची सोयही मला राहिली नाही.

आमचं गाव म्हसावदच्या सडकेपासून तीन किलोमीटर आत. सडकेवर फाटा आहे. फाट्यावर एक चहाची टपरी, एक पंक्चरवाला, आणि तिथून आत वळणारा आमचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस, मधे मधे केळी आणि कापूस. जमीन काळी, नांगराला लोण्यासारखी, पण रस्त्याला वैरीण. दोन पावसाळ्यांत ती कुठलाही रस्ता गिळून टाकते.

माझे सासरे या रस्त्याच्या मागे आयुष्यभर होते. आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. दिवाळीला आली नाही तर एक वेळ चालतं, पण अखाजीला लेक आली नाही तर आईच्या घशाखाली घास उतरत नाही. त्या काळी लेकी बैलगाडीतून यायच्या आणि फाट्यापासून गावापर्यंत येईतो त्यांची हाडं मोजून व्हायची. म्हणून सासऱ्यांनी गावाला एक रीत लावून दिली होती. अखाजीच्या आधी प्रत्येक घराने एक गाडी मुरूम रस्त्यावर टाकायचा. एक घर, एक गाडी. सासरे स्वतः फावडं घेऊन दिवसभर उन्हात उभे राहायचे आणि कोणाची गाडी आली, कोणाची नाही, हे तोंडपाठ ठेवायचे.

एकदा एक जण म्हणाला, मन्हा घरमा लेकच नही, मी काब्र मुरूम टाकू? सासरे त्याला म्हणाले, "सून ते शे ना? ती बी कोनी तरी लेकच शे. तिन्हा भाऊ तिले लेवाले याच रस्तावरथीन येई." त्या माणसाने दुसऱ्या दिवशी दोन गाड्या टाकल्या. ही गोष्ट मला सासूने सांगितली. सासूला आम्ही घरात सगळे जिजी म्हणतो.

पुढे सरकारी डांबरी रस्ता झाला आणि ही रीत बंद पडली. रस्ता सरकारचा म्हटल्यावर खड्डेही सरकारचे, आणि सरकारच्या खड्ड्यात आपला मुरूम कोण टाकतो? सासरे तरी घमेलं घेऊन जायचे. लोक म्हणायचे, बसा हो घरी, आता ते ऑफिसवाल्यांचं काम. ते बसले नाहीत. गेले त्या वर्षाच्या अखाजीलाही त्यांनी वळणावरचा एक खड्डा बुजवला होता.

ते गेल्यानंतर काही वर्षांनी पंचायतीला रस्त्याच्या दुरुस्तीसाठी निधी आला. मी खूश. मिटिंगला गेले तर सरपंचांचा चेहरा माझ्याहून खूश. सरपंच भाऊकीतले, नात्याने माझे दीर. माणूस वाईट नाही. लग्नात पंगत वाढायला पहिले आणि मयताला लाकडं आणायलाही पहिले. फक्त त्यांना दिसण्याची फार हौस. शेजारच्या गावाने त्याच वर्षी सडकेवर सिमेंटची कमान उभी केली होती, दोन बाजूंना दोन सिंह बसवून, आणि त्या सिंहांनी आमच्या सरपंचांची झोप उडवली होती.

"वहिनी," ते म्हणाले, "रस्तानं काय, पानी पडनं का उखडना. कमान पन्नास वरीस हालनार नही. फाटावर उभी करसूत, सडकवरना बठ्ठा लोकेसले दिसी."

मी म्हटलं, "आनि खड्डा? त्या कोनले दिसतीन?"

मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "कमानवर काकासनं नाव टाकसूत. या रस्तासाठी जलमभर त्यासनीच ते करं." काका म्हणजे माझे सासरे.

मी विरघळले. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीच आलं. माझ्या सासऱ्यांनी मला बारावीच्या परीक्षेला बसवलं होतं, लग्नानंतर, पोटात पोर असताना. त्यांचं नाव सडकेवर, ग्रॅनाइटमध्ये, एवढ्या मोठ्या अक्षरांत लागणार म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेचना. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ना, ती बायजी त्या दिवशी मी होते. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी डोकं खाजवलं, निधी दुरुस्तीचा आहे, कमानीचा नाही, म्हणाले, आणि मग स्वतःच वाट काढली. कामाच्या नावात 'रस्ता दुरुस्ती' पुढे 'व सुशोभीकरण' असं जोडलं. सुशोभीकरणात कमान बसते का, मी विचारलं. ते म्हणाले, बसवली की बसते. मी सही केली.

मला त्यात चोरी दिसली नव्हती. कोणी एक वीटसुद्धा घरी नेली नाही. सिमेंट, सळई, ग्रॅनाइट, सगळं तिथंच उभं राहिलं, आणि सिंह आमचे चार निघाले. पैसा गावाचा, गावातच लागला, असं मी स्वतःला समजावत होते. पोराच्या औषधाचे पैसे पाळण्याच्या घुंगरांवर घातले तर तेही घरातच लागतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

आता त्या मापाची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिथंच अडकलं. गवंड्याने विचारलं, उंची किती धरायची? सरपंच म्हणाले, आपली बस पास झाली म्हणजे झालं, जास्त उंच केली तर सिंह बारके दिसतील. दुसऱ्या दिवशी सकाळची बस फाट्यावर आली तेव्हा ड्रायव्हरला हात जोडून ती कमानीच्या जागी पाच मिनिटं थांबवली. गवंडी मागच्या शिडीने टपावर चढला, टपावरच्या कॅरिअरवर आपला हात कोपरापासून उभा धरला आणि खालच्या माणसाला ओरडून सांगितलं, इथं खूण कर. म्हणजे बसच्या वर एक हात मोकळं. सरपंच, ग्रामसेवक, मी, चहावाला, सगळे मान वर करून बघत होतो. खाली बसची चाकं कुठं उभी आहेत ते एकानेही बघितलं नाही.

कमानीचं उद्घाटन झालं. पेढे वाटले. जिजीला ट्रॅक्टरवर बसवून नेलं होतं. तिने डोळ्यांवर आडवा हात धरून नाव बघितलं. तिला वाचता येत नाही, पण ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "चांगलं शे. पन त्यासले इतला वर काब्र टांगं?"

मी हसले. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं.

त्या पावसाळ्यात रस्त्याने हात टेकले. जिथं दुरुस्ती व्हायची होती तिथंच आधी वळण खचलं, मग नाल्याजवळ डांबर निघालं, आणि मग खड्ड्याला खड्डे मिळून नुसता चिखल उरला. डेपोचा माणूस येऊन बघून गेला आणि बस बंद झाली. आता बस फक्त सडकेवरून जाणार, आमच्या कमानीसमोरून, आणि आम्ही तीन किलोमीटर चालत जाऊन ती पकडायची.

माझी पोर त्या वर्षी शहाद्याला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. गावातल्या पाच पोरी सकाळच्या बसने कॉलेजला जायच्या. बस बंद झाल्यावर पंधरा दिवसांत तीन घरी बसल्या. एकीचं तर लगेच बघायला सुरुवात झाली. माझी पोर आणि सरपंचांची पुतणी, दोघी उरल्या. हातात चपला, पाठीवर दप्तर, पावसात तीन किलोमीटर. फाट्यावर टपरीच्या मागे पाय धुवायचे, मग चपला घालायच्या. प्रॅक्टिकल चुकायला लागलं. पोरीचे पप्पा चार दिवस हे बघत राहिले आणि पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "हिले तिन्हा आत्याकडे सुरतले धाडी देऊत. तठे कॉलेजनं देखसूत."

'देखसूत', म्हणजे 'बघू', याचा खरा अर्थ मला चांगला माहीत आहे. माझ्या दोन्ही मोठ्या बहिणींचं शिक्षण 'देखसूत' मध्येच संपलं. माझ्या पोरीला हे कॉलेज सोडायचं नव्हतं आणि घरही. ती ताटावरून उठली, हात धुतला आणि माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "मम्मी, कमानना कागदवर तुन्ही सही शे ना?"

मी म्हटलं, शे.  ती ओरडली असती तर मी दुप्पट ओरडले असते, ते मला जमतं. पण ती गप्प आत जाऊन पुस्तक उघडून बसली आणि मला त्या रात्री माझाच राग आला. भांडी मात्र जागच्या जागी राहिली.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. माझ्या आधी दोघे जण उठून सरपंचांना बोलून बसले होते, रस्ता कुठं गेला म्हणून. मी म्हटलं, नुसत्या सरपंचांना बोलू नका. ठरावावर मन्ही बी सही शे. सासराना नावना मोहमा मी रस्ता इकी खादा. मागून कोणी तरी म्हणालं, मंग आते सत्कार करवाना का तुन्हा? सगळे हसले, मीही हसले, दुसरं काय करणार. मी म्हटलं, सत्कार नको, रस्ता आणायला माझ्यासोबत चला. तेव्हा मात्र सगळ्यांना आपापली गुरं आठवली.

सोबत आल्या त्या पोरीच. पाचही जणी. तालुक्याच्या ऑफिसात गेलो तर साहेबांनी फाइल मागवली, पानं उलटली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुमच्या रस्त्याची दुरुस्ती झालेली आहे. हा ठराव. ही सही."

"सही माझीच आहे, साहेब," मी म्हटलं, "आणि हेही माझंच आहे." मी पाय पुढे केला. गुडघ्याखाली साडीचा मूळ रंग कोणता ते मलाच सांगता आलं नसतं. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, मग पाच पोरींच्या दहा पायांकडे बघितलं, मग आपल्या स्वच्छ पुसलेल्या फरशीकडे बघितलं. ते हसले नाहीत, पण मिशी हलली.

"मग खरं काय झालं ते लिहून द्या," ते म्हणाले.

"लिहिलं तर अडचणीत मीच येईन."

"याल."

मी विचार करत बसले. तेवढ्यात माझ्या पोरीने दप्तरातून पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. टोपण काढून ठेवलं होतं. मी लिहिलं. रस्त्याचा पैसा कमानीला लावला, मला माहीत होतं, माझी संमती होती, खाली सही. ही सही पहिल्या सहीपेक्षा जास्त वळणदार आली.

मग नोटिसा आल्या, सरपंचांना, ग्रामसेवकांना, मला. उत्तरं गेली, पुन्हा नोटिसा आल्या. ते प्रकरण अजून चालू आहे आणि जे भरावं लागेल ते आम्ही भरू, मी तसं लिहूनच दिलंय. सरपंच माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. भाऊकीतल्या एका लग्नात ते पंगतीला बट्टी वाढत आले, सगळ्यांना आग्रह करत, आणि माझ्या ताटापाशी आल्यावर त्यांची टोपली संपली. मला टोपलीतल्या बट्ट्या दिसत होत्या. मी नुसत्या वांग्याच्या भाजीवर जेवून उठले आणि घरी येऊन जिजीला सांगितलं. जिजी म्हणाली, "दोन बट्टी मी बांधी लई येती ते." मला इतकं हसू आलं की राग गेला.

सरपंचांचाही गेला. कारण त्यांच्या पुतणीचं कॉलेज त्याच चिखलात होतं आणि तिने घरी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं, हे मला नंतर कळलं. दिवाळीनंतर ते एकदा दारात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, नवा रस्ताना अर्ज करना शे. सही लागी तुमनी." मी म्हटलं, आधी वाचीसनी देखसू. ते म्हणाले, वाचा माय, पाच दाव वाचा. त्यानंतर रस्त्यासाठी तालुक्याच्या नि जिल्ह्याच्या फेऱ्या मारल्या त्या त्यांनीच. हे श्रेय मी त्यांना देते.

दुसऱ्या एका योजनेतून रस्ता मंजूर झाला आणि होळीनंतर काम सुरू झालं. असं काम मी आमच्या भागात बघितलं नव्हतं. सगळा सडलेला थर काढला, मोठा दगड, त्यावर मुरूम, त्यावर खडी, पाणी मारून रोलर, वर डांबर. काळ्या जमिनीत रस्ता टिकवायचा तर तो उचलूनच घ्यावा लागतो, असं कामावरचा ओव्हरसियर म्हणाला. रस्ता शेताच्या बांधापेक्षा वर आला. म्हातारी माणसं संध्याकाळी उगाच त्याच्यावर चालून यायची. साइडपट्ट्या भरायच्या बाकी होत्या, कडेला डांबर संपलं की एकदम खाली उतार, पण तेवढं सोडलं तर कॅरमच्या पटावर चालल्यासारखं वाटायचं.

डेपोतून निरोप आला, सोमवारपासून बस. सोमवारी सकाळी अर्धं गाव फाट्यावर. सरपंच पांढऱ्या कपड्यात, हातात नारळ. जिजी ट्रॅक्टरमध्ये खाट टाकून आली होती. माझी पोर आणि तिच्या मैत्रिणी शहाद्याहून येणाऱ्या पहिल्या बसमधूनच गावात यायचं म्हणून आदल्या दिवशी तिथंच एका मैत्रिणीकडे राहिल्या होत्या. खिडकीतून हात हलवत आल्या. बस सडकेवरून वळली, कमानीसमोर आली आणि थांबली.

आम्हाला वाटलं नारळासाठी थांबली. सरपंच पुढे झाले. ड्रायव्हर खाली उतरला, त्याने नारळाकडे बघितलंच नाही, मान वर केली. कंडक्टरही उतरला. त्यानेही मान वर केली. मग आम्ही सगळ्यांनी केली.

"लागेल," ड्रायव्हर म्हणाला.

"कसं लागी?" सरपंच म्हणाले. "मापीसनी बांधेल शे. तुन्हाच बसवर एक हात मोकळं शे."

तोच गवंडी गर्दीत होता. तो टपावर चढला आणि वरून म्हणाला, कॅरिअर कमानीच्या वर जातं. मग तो खाली वाकून रस्त्याकडे बघायला लागला. मला तेव्हा कळलं. माप घेतलं त्या दिवशी बसची पुढची चाकं खड्ड्यात होती. मागचीही. आम्ही खड्ड्यातून माप घेतलं होतं, आणि रस्ता तर आता हातभराहून जास्त वर आला होता. एवढी माणसं मान वर करून उभी होतो, पण उद्या हा रस्ता खरंच झाला तर काय, हे एकाच्याही मनात आलं नव्हतं. रस्ता व्हायचा नाही, हे आम्ही सगळ्यांनी मनोमन धरूनच टाकलं होतं.

ओव्हरसियर तिथंच होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, माझ्या नकाशात इथं कमानच नाही. बरोबर होतं त्याचं. कागदावर ते सुशोभीकरण होतं. माझा खरं सांगणारा अर्ज एका टेबलावर, त्याचं इस्टिमेट दुसऱ्या टेबलावर, आणि दोन टेबलांची कधी भेट झाली नव्हती.

बसमधून पोरी उतरल्या. ड्रायव्हर म्हणाला, मी असाच परत जातो, तुम्ही ठरवा नि डेपोत कळवा. सगळे एकदम बोलायला लागले. सरपंचांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि तोडगा काढला. कमानीच्या खालचा तेवढा रस्ता खणून खोल करायचा. बस खाली उतरेल, पलीकडे वर चढेल. दोन दिवसांचं काम. कमानही राहील, बसही येईल. लोकांनी माना डोलावल्या. कंत्राटदाराने डोक्याला हात लावला, पावसाळ्यात इथं तलाव होईल म्हणाला, पण त्याचं कोण ऐकतो.

आणि मी? मी वर नावाकडे बघत होते. तोंडापर्यंत आलं होतं, पाडा ती कमान.  ग्रामसभेत सही कबूल केली, साहेबापुढे लिहून दिलं, तेव्हा जीभ अडली नव्हती. पण सासऱ्यांचं नाव स्वतःच्या तोंडाने खाली उतरवा म्हणायचं, तिथं ती अडली. पोर माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

जिजी ट्रॅक्टरमधल्या खाटेवरून बोलली. तिचा आवाज लहान आहे, पण ती बोलली की भाऊकी गप्प बसते.

"त्यासनी जलमभर खड्डा बुजात," ती म्हणाली. "आते त्यासनाच नावखाले खड्डा खंदतस का?"

 सरपंचांनी हातातला नारळ चहाच्या टपरीवर ठेवला. मग त्यांनी उपरणं काढून डोळे पुसले, घामाचं निमित्त करून, आणि मला म्हणाले, "वहिनी, पाडूत का?" मी म्हटलं, पाडा. कोणाची परवानगी लागेल का म्हणून भाऊसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, कागदावर नसलेली कमान पाडायला परवानगी कोणाची घ्यायची? तरी या वेळी आम्ही ग्रामसभा घेतली, जे करायचं तेच शब्द ठरावात लिहिले आणि मी तो तीनदा वाचून सही केली.

कमान पडली तेव्हा तिचा एवढा मोठा ढीग झाला की तो टाकायचा कुठं हा प्रश्न पडला. आणि इकडे साइडपट्ट्या भरायच्या होत्याच. अखाजी आठ दिवसांवर आली होती. रीत कोणी काढली ते मला आठवत नाही, मला वाटतं एकाच वेळी पाच-सहा जणांच्या तोंडून निघाली. एक घर, एक ट्रॉली. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नव्हता त्यांनी शेजाऱ्याची ट्रॉली भरायला हात लावला. कमानीचे तुकडे, विटा, सिमेंटची ढेकळं, त्यावर नदीकाठचा मुरूम, सगळं रस्त्याच्या दोन्ही कडांना गेलं. सिंहांचं काय करायचं म्हणून वाद झाला. दोन सिंह वळणावर खचलेल्या जागी गेले, तिथं भक्कम भराव हवाच होता. उरलेले दोन सरपंचांनी घरी नेले आणि गोठ्याच्या दाराशी बसवले. त्याबद्दल मी त्यांना अजून चिडवते. सरकारी सिंह परत करा म्हणते.

ज्या पैशाने रस्ता व्हायचा होता तो असा वर्षभर हवेत उभा राहून शेवटी रस्त्याच्या कडेला येऊन पडला. दुरुस्ती म्हणून फार महाग पडली. पण त्या अखाजीला गावात आलेल्या लेकी बसमधून उतरल्या, कंबरेला हात न लावता.

ग्रॅनाइटचा नावाचा दगड तेवढा आम्ही सांभाळून उतरवला होता. गावातल्या बसथांब्यावर लिंबाखाली दोन विटांच्या खांबांवर तो आडवा बसवला, बाकासारखा. पण त्यावर कोणी बसेना. एवढ्या मोठ्या माणसाच्या नावावर कसं बसायचं? म्हाताऱ्या जमिनीवर बसायच्या आणि बाक रिकामा. जिजीने ते दोन दिवस बघितलं आणि गवंड्याला बोलावून म्हणाली, नाव खाले कर. त्याने दगड उलटा केला. आता गुळगुळीत बाजू वर आहे आणि अक्षरं खाली, मातीकडे तोंड करून. बाहेरच्या माणसाला तिथं नाव आहे हे कळतसुद्धा नाही.

संध्याकाळच्या बसला मी तिथं जाऊन बसते. घरात काम असतं, तरी जाते. बसल्या बसल्या हात दगडाखाली जातो आणि बोटांना अक्षरं लागतात. उलटी लागतात, पण आता मला ती ओळखू येतात. काल बस आली तेव्हा पोर पुस्तकात बोट घालूनच उतरली. आधी ती बसमध्ये वाचायची नाही, खड्ड्यांनी ओळी उड्या मारतात म्हणायची. माझ्या शेजारी दगडावर बसली, चपला काढून पाय हलवत.

"मम्मी," ती म्हणाली, "फाटापाईन अठेलोंग पुरा धडा वाची काढा. पुस्तकनी एक बी ओय हालनी नही."

मी हात दगडाखालून काढला नाही. म्हटलं, थोडी बस, मग जाऊ घरी.